पहिल्या मॅरेथॉननंतरचे वर्ष

२१ जानेवारी २०२४ रोजी आम्ही मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पळालो. पळालो म्हणण्यापेक्षा कसेबसे पोहोचलो असे म्हणणे खरे. पाच तास बावन्न मिनिटे लागली. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर आमचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ झाला, संविधानाची प्रत झाली, दोन भाषणे झाली. एका वक्त्यांनी तर आमच्या पळण्याची तुलना थेट बाबासाहेबांच्या जिद्दीशी केली, तेव्हा आम्हांला मान खाली घालावी लागली. त्याची कारणे दोन होती. एक पायात होते आणि दुसरे घरात.

मॅरेथॉनवर जे काही छापून येते ते बहुतेक शर्यतीच्या दिवसापर्यंतचे असते. सराव असा करा, बूट असे घ्या, पाणी इतके प्या. पदक गळ्यात पडल्यावर माणसाचे काय होते, ते कोणी लिहीत नाही. आमच्या वस्तीतली मुले हल्ली विचारतात, काका, दुसऱ्यांदा कसे जमले? त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. जाता जाता थोडे आमच्यासाठीही.

चूक पहिल्या दहा किलोमीटरांतच झाली होती. पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो. थंड हवा, हजारो माणसे आणि एरवी जिथे गाड्यांच्या भीतीने रस्ता ओलांडता येत नाही त्या मरीन ड्राइव्हवर मधोमध पळायचे सुख! पाय आपोआप उचलत होते. साडेचार तासांत संपवायचे असे मनाशी ठरवले होते. निम्मे अंतर दोन तास बारा मिनिटांत कापले तेव्हा डोक्यात हिशेब सुरू झाला की आता साडेचारच्याही आत होणार. हिशेबाच्या नोकरीत वीस वर्षे घालवलेल्या माणसाने असा हिशेब करावा, याचे आज हसू येते. जमेची बाजू न बघता आम्ही नुसता खर्च करीत सुटलो होतो.

गोष्ट अशी असते. आपण खाल्लेल्या भाताची-भाकरीची साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. हे झाले चालू खाते. ते साधारण तीसेक किलोमीटर पुरते. चरबीचा साठा म्हणजे मुदत ठेव. रक्कम मोठी, पण घाईच्या वेळी काढता येत नाही. जोरात पळाले की शरीर साखर उधळते, सावकाश पळाले की चरबीही वापरते. आम्ही वांद्र्याचा सागरी सेतू ओलांडेपर्यंतच चालू खाते जवळजवळ रिकामे केले होते. माहीमला पाय शिशाचे झाले. शिवाजी पार्कला उजव्या हाताच्या गल्लीच्या टोकाला चैत्यभूमी. लहानपणापासून दर ६ डिसेंबरला ती वाट तुडवलेली, पण त्या दिवशी तिकडे मान वळवायचेही भान राहिले नाही. पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि आम्ही फूटपाथवर बसलो. एका अनोळखी बाईंनी संत्र्याच्या फोडी हातावर ठेवल्या, कोणी चिमूटभर मीठ दिले. पुढचे बहुतेक अंतर चालतच गेलो. पहिल्या निम्म्याला दोन तास बारा मिनिटे आणि दुसऱ्याला तीन तास चाळीस. यापेक्षा स्पष्ट ताळेबंद कुठला असणार?

आईचा प्रश्न

संध्याकाळी घरी मुलीने ते पदक आजीच्या गळ्यात घातले. आईचे वय तेव्हा शहात्तर. तिचे माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. तिने पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“कशाबद्दल दिलं रं ह्ये?”

“पळालो म्हणून.”

“कुणाचं काय काम व्हतं?”

“काम नव्हतं आई, शर्यत होती.”

“मग पैसं किती दिलं त्यांनी?”

“त्यांनी नाही देत. आपण भरायचे असतात.”

आई गप्प बसली. आम्हांला वाटले, विषय संपला. जेवणे झाल्यावर ती आपणहून म्हणाली, “माझा बा गावात कुणी मेलं की सांगावा घिऊन पळायचा. रातीचाबी आन् पावसाचाबी. नाय म्हणायची सोय नव्हती. आन् तू पैसं भरून पळतूस?”

तरुण वाचकांना यातले सगळे समजेलच असे नाही, म्हणून सांगतो. महार वतन या नावाने आपल्या माणसांच्या गळ्यात जे काम बांधलेले होते त्यात पळणे हे मोठे काम होते. गावचे टपाल तालुक्याला पोहोचवा, सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावी न्या, साऱ्याच्या वेळी घरोघर बोलावणे करा, आणि सवर्णाच्या घरी कोणी वारले की दहा गावांच्या पाहुण्यांना सांगावा द्या. दिवस-रात्र नाही, ऊन-पाऊस नाही. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायची भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते हे जोखड काढण्यासाठी. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्या आजोबांनी कायद्याची वाट पाहिली नाही. नागपूरच्या दीक्षेची बातमी गावात पोहोचली आणि त्यांनी येसकरकीची काठी चावडीत नेऊन ठेवली. गावाने धान्य बंद केले, तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन मुंबईला आले.

अशा माणसाचा नातू हौसेने, पदरचे पैसे मोडून, कुणाचाही निरोप न घेता, कुठेही न पोहोचता बेचाळीस किलोमीटर पळतो, आणि निघाला तिथेच परत येतो. आईच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सत्काराच्या वेळी मान खाली गेली त्याचे घरातले कारण हे.

वीणा आणि वहाण

पायातले कारण आमच्या मूर्खपणाचे. पाच तास बावन्न मिनिटे हा आकडा आम्हांला खुपत होता. लवकरात लवकर तो पुसून टाकायचा म्हणून चौथ्या दिवशीच पहाटे पुन्हा पळायला गेलो. मांड्या आखडलेल्या, अंगठ्याचे नख काळे पडलेले, तरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली.

टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा असतो. तो धनुष्याच्या दोरीसारखा पायाची कमान धरून ठेवतो. त्याला अती ताण पडला की टाचेपाशी तो सुजतो. सकाळची पहिली पावले सर्वात जास्त दुखतात, नंतर जरा बरे वाटते आणि माणूस फसतो. आम्हीही फसलो. तीन आठवडे बरे वाटते आहे म्हणून थोडे पळायचे आणि पुन्हा लंगडायचे असे चालले. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पळणे बंद, टाच उचलायचे व्यायाम सुरू. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही, जे दरवर्षी बॅनरच्या पुढे असतो, पाणपोईच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

त्या दिवसांतले दुखणे फक्त टाचेचे नव्हते. सहा महिने पहाटे चारचा गजर, रविवारचे लांब पळणे, डोळ्यांपुढे एक तारीख. ती तारीख उलटून गेल्यावर मन रिकाम्या पोत्यासारखे झाले. ऑफिसात चिडचिड, घरी चिडचिड, संघटनेच्या बैठकीत नको तिथे वाद. पुढे आणखी काही पळणाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांचाही अनुभव असाच निघाला. म्हणजे हे आमच्या एकट्याच्या स्वभावाचे खूळ नव्हते. आधी कोणी सांगितले असते तर इतका त्रास करून घेतला नसता.

वैशाख पौर्णिमेच्या तयारीसाठी विहारात गेलो असता भन्तेजींनी विचारले, “उपासक, पाय कशाने दुखावला?” आम्ही सगळे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “तुमच्याआधी एक होऊन गेला आहे.” मग त्यांनी सोण कोळिविसाची गोष्ट सांगितली. चंपा नगरीच्या धनिकाचा हा मुलगा इतक्या लाडात वाढलेला की त्याच्या तळपायावर केस उगवले होते म्हणे. राजगृहात तो भिक्खू झाला आणि सीतवनात चंक्रमण करू लागला, म्हणजे चालत चालत ध्यान. इतके चालला की तळपाय फाटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. तरी मनाला शांती नाही. तेव्हा त्याच्या मनात आले की घरी परत जावे, संपत्ती आहेच, दानधर्म करावा. भगवंतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा चांगली वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर निघायचा का? सैल सोडल्या तर? दोन्हींना त्याने नाही म्हटले. मग प्रयत्नाचेही तसेच आहे, असे भगवंतांनी त्याला समजावले.

वीणेची ही गोष्ट आम्ही प्रवचनांत अनेकदा ऐकली होती. तिचा पुढचा भाग त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि नंतर विनयाच्या महावग्गात स्वतः वाचून खात्री करून घेतली. भगवंतांनी सोणाचे पाय पाहून त्याला एकपदरी तळाची वहाण वापरायची परवानगी दिली. सोणाने ती घेतली नाही. मी गाड्या भरभरून सोने सोडून आलो आणि आता एका वहाणेला चिकटलो, असे लोक म्हणतील. संघाला परवानगी द्याल तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. त्यानंतर सगळ्या संघाला वहाण मिळाली. एकाचे पाय फाटले तेव्हा नियम सगळ्यांसाठी बदलला. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला ही गोष्ट वीणेइतकीच आवडली, खरे म्हणजे थोडी जास्तच.

सावकाश पळणे

मे महिन्याच्या शेवटी पुन्हा सुरुवात केली. एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, एकूण वीस मिनिटे. जूनमध्ये सलग दोन किलोमीटर. बेचाळीस पळून आलेल्या माणसाला दोनवर समाधान मानायला शिकणे फार कठीण जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता नियम एकच ठेवला. पळताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटला की वेग जास्त झाला. आम्ही एकटेच पळतो, बोलणार कुणाशी? म्हणून त्रिशरण-पंचशील पुटपुटत पळायची सवय लावली. श्वास मध्येच अडला की पावले आवरायची. विक्रोळीच्या कन्नमवारनगरापासून पूर्व द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडने ऐरोली पुलाकडे आमची वाट. पहिले काही दिवस सोसायट्यांचे वॉचमन आमच्याकडे संशयाने बघत. कॉलेजची मुले मागून येऊन पुढे निघून जात आणि म्हणत, “काका, झोप लागली का?” एकदा ओढणी कमरेला बांधलेल्या दोन मुली गप्पा मारत आम्हांला मागे टाकून गेल्या. त्या दिवशी वंदना अर्धवट सोडून त्यांच्या मागे लागावे असे फार वाटले. नाही लागलो. त्या संपूर्ण वर्षातला आमचा सर्वात मोठा पराक्रम तोच असेल.

सावकाश पळण्यामागे शास्त्र आहे. अशा पळण्याने हृदयाची एका ठोक्यात रक्त फेकण्याची ताकद वाढते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते आणि पेशींमधल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे शरीराच्या छोट्या भट्ट्या, वाढतात. चरबी जाळायची सवय याच पळण्याने लागते. या गोष्टी आठवड्यांत होत नाहीत, महिने लागतात. जोरात पळण्याचा फायदा आहे, पण तो आठवड्यातून एकदा पुरे. जिंकणारे धावपटूसुद्धा आपला बहुतेक सराव सोप्या वेगानेच करतात, हे कळल्यावर आम्हांला फार धीर आला.

आठवड्यातून चार दिवस ठरवले. मंगळवार आणि शनिवार थोडे, गुरुवारी मैदानावर जरा वेगाने, रविवारी लांब. जुलैत रविवारचे आठ किलोमीटर, ऑक्टोबरात वीस, डिसेंबरात तीस. दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. रोज संध्याकाळी इमारतीच्या जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा वर-खाली, पंधरा-पंधराचे तीन फेरे. टाच बरी झाली ती औषधापेक्षा या पायरीने.

खाण्याचे म्हणाल तर परदेशी पुड्यांवर आम्ही एक पैसाही खर्च केला नाही. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले रताळे आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर. मात्र पळताना खायचीही सवय करावी लागते. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाल्ले तर पोट बंड करते. आणि भीतीपोटी नुसते साधे पाणी ढसाढसा पिऊ नये. रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस कोसळू शकतो. तहान लागेल तसे प्यावे.

घर कोण पळवते?

हे सदर कुटुंबाच्या पानावर येणार हे कळल्यावर आमच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, तुम्ही पळता तेव्हा घर कोण पळवतं, तेही लिहा एकदा.” लिहितो. पहिल्या वर्षी आम्ही चारला उठायचो म्हणजे त्या पावणेचारला उठायच्या. चहा त्यांनी करायचा, घामाचे कपडे त्यांनी भिजवायचे, रविवारी आम्ही दमून झोपलो की बाजार त्यांनी करायचा, पाहुणे त्यांनी सांभाळायचे. वर आम्ही विहारात स्त्री-पुरुष समतेवर बोलायचो. लंगडत घरी बसलो त्या दोन महिन्यांत हे सगळे डोळ्यांपुढे घडताना दिसले, नाहीतर दिसले नसते. दुसऱ्या वर्षी चहा, कपडे आणि रविवारचा बाजार आमच्याकडे आला. बाजारात अजून आम्हांला पडवळ नीट निवडता येत नाही, ही तक्रार शिल्लक आहे.

सप्टेंबरात पत्नींच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. मग त्या आणि शेजारच्या दोघी संध्याकाळी चालायला लागल्या. आपल्या समाजात या रोगाकडे अजून गंभीरपणे पाहिले जात नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते अखेरच्या वर्षांत जर्जर झाले होते, हे आपण सगळे वाचतो आणि जयंतीला बुंदीचे लाडू वाटतो.

माणदेशाचे नाव निघाले म्हणून मुलींच्या आयांना एक सांगावेसे वाटते. ललिता बाबर ही माण तालुक्यातल्या मोही गावची. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिली आली. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा तिने फक्त इतकेच विचारले की मोहीला आता पाणी आले का.

आजोबांविषयी आम्ही आईला पुन्हा विचारले ते दिवाळीच्या सुट्टीत. कुठपर्यंत जायचे, किती वेळ लागायचा? तिने दहिवडी, म्हसवड अशी नावे घेतली. अंतर तिला ठाऊक नाही, कोंबडा आरवायच्या आत निघून दिवस कलायला परत, एवढे ठाऊक. “पायात काय असायचे?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “वहाणा व्हत्या की. पर गावातनं जाताना हातात घ्याव्या लागायच्या. रानात गेल्यावर घालायच्या.” आम्ही साडेतीन हजारांचे बूट घेताना दुकानात तासभर घासाघीस केली होती. ते आईला सांगितले नाही.

दुसऱ्यांदा

५ आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला स्वयंसेवक म्हणून आमची पाळी असते. दोन दिवस उभे राहणे, रात्रभर जागरण. आमच्या सरावाच्या कागदावर नेमका त्याच आठवड्यात सर्वात लांब पल्ला आला होता. एका पळणाऱ्या मित्रांनी सुचवले, एक वर्ष पाळी चुकवा. आम्ही कागद बदलला. ८ डिसेंबरच्या रविवारी दहाच किलोमीटर पळालो आणि तीस पुढच्या रविवारी. त्याने काही बिघडले नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावलाही नेहमीप्रमाणे गेलो.

१९ जानेवारी २०२५. आदल्या रात्री भायखळ्याला मावसभावाकडे मुक्काम. या वेळी पहिले दहा किलोमीटर आम्ही जवळजवळ सगळ्यांच्या मागे होतो. मरीन ड्राइव्हवर पंचशील संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू, असे चालले होते. निम्मे अंतर दोन तास छत्तीस मिनिटांत झाले, म्हणजे मागच्या वर्षापेक्षा चोवीस मिनिटे उशिरा. सागरी सेतूवर सूर्य उगवायच्या बेतात होता तेव्हा एकदा मनाने उचल खाल्ली. टाचेची आठवण काढून तिला गप्प केले.

साडेआठच्या सुमारास शिवाजी पार्कपाशी आलो. पत्नी, मुलगी आणि आई पहिल्या लोकलने दादरला येऊन उभ्या होत्या. आई खांद्यावरून पदर घेऊन दुभाजकाच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. स्टूल कुणाकडून मागून घेतले होते देव जाणे. म्हणजे देव नव्हे, मुलीने. आम्ही थांबलो. तिने आमच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, पायांकडे पाहिले.

“बूट चावत न्हाईत न्हवं?”

“नाही.”

“मग हुबा का? जा की.”

उजव्या हाताच्या गल्लीकडे हात जोडले आणि निघालो. पेडर रोडचा चढ चालत चढलो, हे कबूल करतो, पण बसलो नाही. एकूण पाच तास एकोणीस मिनिटे. मागच्या वर्षापेक्षा तेहेतीस मिनिटे कमी. दुसऱ्या निम्म्याला दोन तास त्रेचाळीस. दोन्ही बाजू जवळजवळ जुळल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो आणि स्टेशनचा जिना सरळ तोंडाने उतरलो. त्यानंतर पंधरा दिवस मात्र एक पाऊलही पळालो नाही.

पैसे भरून का पळतोस, हे आईने पुन्हा विचारलेले नाही. आम्हीही उत्तर दिलेले नाही. छातीवर लावायचा नंबराचा कागद तिने मागून घेतला. त्यावर आमचे नाव छापलेले आहे. तो तिच्या पेटीत, आजोबांच्या गिरणीतल्या पासाजवळ आहे.

आता बुटांचे

फेब्रुवारीपासून वस्तीतली अकरा मुले-मुली आमच्याबरोबर संध्याकाळी मैदानावर येऊ लागली. त्यांना मॅरेथॉन पळायची नाही. त्यांना पोलीस भरती व्हायचे आहे. मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर आणि मुलांना सोळाशे मीटर पळावे लागते. काही सेकंदांनी गुण जातात आणि गुणांनी नोकरी जाते. यांच्यासाठी पळणे ही हौस नाही. सात मुलींपैकी चौघी शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांत पळतात, एक तर घरच्या सपातांत.

असे बोललो की कोणीतरी आबेबे बिकिलाचे नाव काढतो. हा इथिओपियाचा सैनिक १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, दोन तास पंधरा मिनिटे सोळा सेकंदांत. ज्या इटलीने त्याच्या देशावर स्वारी केली तिच्याच राजधानीत. मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपियातून उचलून नेलेला अक्सूमचा स्तंभ शर्यतीच्या वाटेवर उभा होता. ही गोष्ट आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोला बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला, तेही सांगतो. अनवाणी पळण्याचे कौतुक ज्यांच्या घरी चार जोड आहेत त्यांनी करावे. ज्यांच्या आजोबांनी वहाणा हातात घेतल्या त्यांच्या पोरींना बूट हवेत.

विहाराच्या महिला मंडळाने वर्गणी सुरू केली आहे. पाच नंबरचे तीन आणि सहा नंबरचे दोन जोड लागतात. जुने देणार असाल तर आधी तळ बघावा. सातआठशे किलोमीटर पळून झालेल्या बुटाचा तळ वरून चांगला दिसला तरी आतून बसलेला असतो आणि टाच तोच धरतो. हे लिहीपर्यंत दोन जोड आले आहेत. त्यांतला एक नऊ नंबरचा आहे, तो मुलींपैकी कुणालाच येत नाही.